पेशीतला येसकर

पेठ, ता. आंबेगाव
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

कागदावरचं पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलं न्हाई. पुण्याच्या डॉक्टरनं मला रोज एक पान हातानं लिहायला सांगितलंय. बोटांना व्यायाम होतो आणि अक्षर किती बिघडत चाललंय ते त्यांना दर खेपेला बघता येतं. सुरुवातीला दुकानातल्या शेतीच्या औषधांची नावं लिहून काढली. मग कंटाळा आला. म्हटलं, हैदराबादला चुलतबहीण बसलीय, तिचंच डोकं खावं. बोलतो तसं लिहितोय, शुद्धलेखन काढत बसू नको.

फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याबिगर कुणाला करमत न्हाई. आई, तुझी वहिनी, तेजू, शेजारची लंकाबाई, सगळ्या गोळा होऊन ऐकतात. हे त्यांनी ऐकायचं न्हाई.

रिपोर्ट आला. आबांना व्हतं तेच मला हाय. डॉक्टर त्याला अटॅक्सिया म्हणतात. मेंदूच्या मागच्या अंगाला तोल सांभाळणारा भाग असतो, तिथल्या पेशी एकेक करून मरत जातात. बापाकडून पोराकडं यायचं की न्हाई, ते नाणं उडवल्यागत निम्मं-निम्मं. तुझे वडील आणि माझे आबा सख्खे भाऊ. काकांना कोरी चिठ्ठी आली, आबांना भरलेली. रागानं लिहीत न्हाई. काका बरे हायत याचं मला बरंच वाटतं.

आबांच्या शेवटच्या वर्षांत तू लहान व्हतीस. आबा, गावाचा भागुजी, रस्त्यानं निघाला की पोरं मागून झोकांड्या देत नक्कल करायची. आयुष्यभर पाचवं शील पाळलेला माणूस, दारूच्या वासानं जेवणावरून उठायचा. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी आला आणि खाली कोसळला, तर आपल्याच माणसांनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. मी शेजारीच उभा व्हतो. त्यानंतर आबा विहारात गेले न्हाईत. मला मरणाची भीती वाटत न्हाई असं लिहिणार व्हतो, पण ते खोटं हाय. त्या वास घेण्याची मात्र त्याहून जास्त वाटते.

घरात कमरेत गॅप आलीय असं सांगितलंय. तेजू सहावीत गेली. काल अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना अडखळली. पोरगी हाय, अडखळणारच. पण मी नंतर तिच्या पायांकडंच बघत बसलो.

तू पेशींवर काम करतीस ना? नेमकं काय करतीस, मला कळंल असं लिही.

तुझा दादा,
राजरत्न


हैदराबाद
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

तुझं पत्र जिन्यात बसून वाचलं. काकांच्या तोंडाचा वास घेतल्याचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की बाबा विषय बदलायचे, त्याचं कारण आज कळलं.

वहिनीला सांग. कमरेतली गॅप किती दिवस पुरणार आहे?

आता माझं काम. हे काम मी काकांमुळेच निवडलं, पण कुणाला सांगत नाही. प्रत्येक पेशीच्या आत कॅल्शिअमची एक कोठी असते. कोठीला दार असतं आणि त्या दारावर कोण बसणार ते एक जीन ठरवतो. त्याचं खरं नाव तुझ्या दुकानातल्या औषधांपेक्षा लांब आहे. मी मनातल्या मनात त्याला येसकर म्हणते, वेशीवर राखण करणारा. येसकर जागा असला की कॅल्शिअम हवं तेवढंच बाहेर येतं. तो पेंगला की सगळं भसाभसा सांडतं, आणि पेशी मरायला लागते. तुझ्या आजारात हेच होतं.

म्हणून आम्ही या झोपलेल्या येसकराला उठवणारी रसायनं शोधतो. शेकडो तपासली. त्यातलं सत्तावीस नंबरचं चाललं. आमच्याकडे असाच आजार असलेले उंदीर आहेत, त्यांना बारीक दांडीवरून चालवतात. आधी ते दोन पावलांत पडायचे. सत्तावीस नंबर दिल्यावर पलीकडे पोचतात. पहिला उंदीर पोचला तेव्हा मी चक्क रडले.

गंमत म्हणजे हा जीन झाडांतही असतो, आणि सत्तावीस नंबर मुळात तुमच्याच धंद्यातला आहे. फार वर्षांपूर्वी टोमॅटोला तडे जाऊ नयेत म्हणून टॉनिकात घालायचे, मग ते बंद पडलं. तू दुकान सुरू केलंस त्याच्याही आधीची गोष्ट असेल.

पण ऐक, हे उंदरांचं आहे. माणसाला द्यायला दहा वर्षं लागतील, आणि कदाचित कधीच देता येणार नाही. तुला आशा लावायला लिहीत नाही, तू विचारलंस म्हणून लिहिलं.

तेजूची तपासणी करायचं मनात आलं असेल तर काढून टाक. लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. अठराची झाली की करायची की नाही ते तिचं ती ठरवेल. तोवर तिच्या पायांकडे बघू नकोस, तिला कळतं.

तुझी,
प्रज्ञा


पेठ
८ डिसेंबर २०२४

प्रिय प्रज्ञा,
जय भीम.

तुझा येसकर वाचून लई हसलो. आपल्या बहिरू आजोबांनी छप्पन सालानंतर येसकरकी सोडली. मेलेली म्हैस ओढायची न्हाई म्हणून चावडीवर सांगून आले. गावानं म्हैस तशीच पडू दिली, वेशीवर वास सुटला, तरी आजोबा हलले न्हाईत. शेवटी ज्याची म्हैस त्यानंच बैल जुंपून ओढली. आणि आता त्यांच्या नातीनं पेशीच्या दारावर परत येसकर बसवला. आजोबा असते तर तुला काठी घेऊन मारायला आले असते.

इकडं बरं न्हाई. आणे गावात एका गिऱ्हाइकाच्या कांद्यावर रोग बघायला गेलो व्हतो. घाटात गाडी आडवी झाली. लागलं न्हाई. उचलायला आलेला माणूस ओळखीचाच निघाला, संपत म्हणून. मला धरून उभं केलं आणि हळूच म्हणाला, "काय राव, सकाळी सकाळीच?" मी हसलो. घरी येऊन मोरीत गेलो आणि नळ मोठा सोडून रडलो.

एक सांगायचं राह्यलं. नारायणगावला एका जुन्या व्यापाऱ्याचं गोडाऊन रिकामं करत व्हते, तिथं मला एक जुनं टॉनिक घावलं, पावडरीचा डबा. आपल्या शेतात टोमॅटो लावलाय, त्यातल्या एका ओळीवर मारलंय. नवीन माल आला की आधी एका ओळीवर बघायचा, मग रानभर मारायचा, ही आपली पद्धत. बघू काय होतंय.

उंदरांचं काय चाललंय? तेजू रोज विचारते, आत्याचे उंदीर पडले का म्हणून. तिला वाटतं तू त्यांना सर्कस शिकवतीस.

राजरत्न


हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
जय भीम.

उशीर झाला, रागावू नकोस. आमचा शोधनिबंध छापायला पाठवायची घाई चालली आहे, डोकं वर काढायला वेळ नाही.

तेजूला सांग, उंदीर पडत नाहीत. त्यातला एक तर दांडीच्या मधोमध थांबून मिशा साफ करतो. आमचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम तोच दाखवतात. दोन उंदरांची तब्येत बरी नाही, पण ते वयस्कर आहेत, वय झालं की काहीतरी निघतंच. साहेब म्हणतात आत्ताच त्याचा बाऊ करू नका.

संपतचं वाचून फार वाईट वाटलं. दादा, लोकांना सरळ सांगून टाक ना, मला आजार आहे म्हणून. लपवल्यानं त्यांना दारूच दिसणार.

टोमॅटोची ओळ कशी आहे? फोटो पाठव.

प्रज्ञा


पेठ
९ मार्च २०२५

प्रिय प्रज्ञा,
जय भीम.

अक्षर बघितलंस का? ऑक्टोबरचं पत्र ठेवलं असशील तर शेजारी धरून बघ. डॉक्टरनंबी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि चष्मा काढून परत लावला. म्हणाले, असं मी कधी पाहिलं न्हाई, काय करता? मी म्हटलं, रोज एक पान लिहितो साहेब.

परवा गाडी चालवत ओझरला माल पोचवून आलो. गणपतीच्या कमानीपाशी ही गर्दी, तरी पाय जमिनीला टेकवायची वेळ आली न्हाई. घरी आलो तर तेजूनं जिन्यावर शर्यत लावली. मीच जिंकलो. आई म्हणाली, कमरेचा पट्टा गुणाला आला. आता तिला काय सांगायचं?

टोमॅटोचं ऐक. सगळं रान संपलं, बाकीच्या ओळी वाळून काठ्यांवर लोंबतायत. टॉनिक मारलेली तेवढी एक ओळ अजून हिरवीगार हाय. एकबी पान पिवळं पडलं न्हाई, एकबी गळलं न्हाई. पेऱ्यापेऱ्यावर गाठी आल्यात मोठ्या, सुपारीएवढ्या, पण हिरवी हाय. म्हशीपुढं एक फांदी टाकली तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. जनावराला काय कळतंय म्हणा.

बाई, लिहायचं नव्हतं, पण हाताला लिहिल्याबिगर राहवत न्हाई. तुझे उपकार मी विसरणार न्हाई.

राजरत्न


हैदराबाद
१८ मार्च २०२५

दादा,

तुझं अक्षर बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली.

तीन दिवस फोन लावते आहे, तू कट करतोस. म्हणून लिहिते. ते टॉनिक म्हणजे तेच ना, मी नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलेलं? टोमॅटोच्या तड्यांचं? तुला नाव सांगितलं नाही म्हणून मी निर्धास्त होते. शेतीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्याला एवढी खूण पुरते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आणि डिसेंबरात तू टोमॅटोच्या ओळीचं लिहिलंस, तेव्हाही मी पुढं वाचत गेले.

आजच्या आज बंद कर. ऐक, का ते सांगते. जानेवारीत दोन उंदीर आजारी आहेत असं लिहिलं होतं ना? त्यांच्या मानेत गाठी होत्या. आता त्या खोलीतल्या निम्म्या उंदरांना आहेत. मिशा साफ करणारा परवा मेला. मेला तोपर्यंत दांडीवरून व्यवस्थित चालत होता.

शरीरात रोज जुन्या, बिघडलेल्या पेशी मरतात, मरायलाच हव्यात. सत्तावीस नंबर येसकराला असा उठवतो की तो परत झोपतच नाही आणि कुणाला मरूच देत नाही. ज्या मरायला हव्यात त्याही जगतात, वाढतात, गाठी होतात. आजोबांनी म्हैस ओढायचं सोडलं ते बरोबरच केलं, तो त्यांचा मान होता. पेशीत मात्र मेलेलं बाहेर काढणारं कुणीतरी लागतंच. तुझी टोमॅटोची ओळ वाळत नाही, ती यामुळंच.

मी आधी का बोलले नाही? निबंध छापून येईपर्यंत थांबू, असं साहेब म्हणाले आणि मी थांबले. मला वाटलं, या खोलीबाहेर ते कुणाच्या पोटात जाणार आहे? दादा, बंद कर आणि मानेची तपासणी करून घे. नाहीतर मी वहिनीला सांगेन.

प्रज्ञा


पेठ
१४ एप्रिल २०२५

प्रज्ञा,
जय भीम.

आज जयंती. सकाळी मिरवणुकीत मी झेंडा धरून पुढं चाललो. पेठेतून सरळ, कुठं झोक गेला न्हाई. ज्या माणसानं आबांच्या तोंडाचा वास घेतला व्हता तो आता म्हातारा झालाय. ओट्यावर बसला व्हता. मला बघून म्हणाला, भागुजीचा पोरगा लई सुधारला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू म्हणतीस बंद कर.

तुझं पत्र पाठ झालंय. गाठ आली तर येऊ दे. दोन वर्षं सरळ चालेन आणि मरेन, आबांसारखी बारा वर्षं लोळत न्हाई. गाठीनं मेलेल्याला कुणी दारुडा म्हणत न्हाई. तू तिकडं उंदीर मोजतीस, मी इकडं माणसांत राहतो. हा माझा जीव हाय, त्याचं काय करायचं ते मी ठरवणार.

वहिनीला सांगितलंस तर तुला बहीण म्हणणार न्हाई, आणि हे धमकी म्हणून लिहीत न्हाई. आईचं वय झालंय, तिनं नवऱ्याला तसं जाताना बघितलंय. तिच्या डोळ्यांपुढं दुसऱ्यांदा नको. एवढं एक माझ्यासाठी कर.

गाठ तपासतो म्हणशील तर तपासली. माझ्या मानेत काय न्हाई.

आणि एक. माझा धंदा मला शिकवू नको. रानात करपा दिसला की फवारून उपयोग नसतो, तोवर बुरशी आत शिरलेली असते. करपा यायच्या आधी मारायचं असतं. ही गोष्ट तुमी शिकलेली माणसं कधी समजून घेत न्हाई.

राजरत्न


पेठ
२७ जून २०२५

ती. प्रज्ञाआत्यास,
तेजस्विनीचा जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की बाईंनी आम्हाला पत्रलेखन दिले आहे आणि खरेखुरे पोस्टात टाकले तर जास्त मार्क आहेत. वर्गात सगळी मुले मामाला लिहीत आहेत. माझा मामा फोनवर रोज दिसतो म्हणून मी तुला लिहिते.

मी आता सातवीत गेले. शाळेमागच्या उसात बिबट्या आला आहे म्हणून फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला आहे. त्यामुळे आम्हाला मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत, वर्गातच डबा खातो. पप्पू म्हणतो त्याने बिबट्या पाहिला पण तो थापाड्या आहे.

पप्पा बरे आहेत. आईला ते फार आवडते. पप्पा मला पण शक्तीची पावडर देतात, रोज रात्री दुधातून, थंडीपासून. कडू लागते पण वरून गूळ देतात. आईला सांगायचे नाही असे ठरले आहे, कारण आईला दुकानातल्या वस्तू घरात आणलेल्या चालत नाहीत. पण तू तर सगळ्या औषधांची डॉक्टर आहेस म्हणून तुला सांगितले तर चालेल. मी विचारले मला तर काही झाले नाही मग का? तर पप्पा म्हणाले करपा यायच्या आधीच मारायचा असतो, तेजू.

माझी एक गंमत सांगते. माझा दुधाचा दात पडतच नाही. मागून नवीन आला तरी जुना हालत पण नाही. माझ्या मैत्रिणीचे सगळे पडले. दातांचे डॉक्टर म्हणाले असे कसे, आणि त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवले.

गळ्याला कानाखाली फुगले आहे. आजी गालफुगी म्हणते आणि हळदीचा लेप लावते. दुखत नाही. एक गाठ होती आता दोन झाल्या.

तुझे उंदीर कसे आहेत? तू दिवाळीला येशील तेव्हा मिशा साफ करणारा एक आण.

तुझी लाडकी,
तेजस्विनी राजरत्न


हैदराबाद
२१ ऑगस्ट २०२५

दादा,

तेजूचं पत्र वाचून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, ते तुला माहीतच आहे. तुझ्या दारात आल्यावर मी जे बोलले ते परत लिहीत नाही. वहिनीनं तुझ्या दुकानातला तो डबा रस्त्यावर भिरकावला तेव्हा तू खाली बसून पावडर गोळा करत होतास, ते मला अजून दिसतं. मला वाटलं तू तुझ्यासाठी गोळा करतो आहेस. नंतर वहिनी म्हणाली, कोंबड्या टोचतील म्हणून तो भरत होता. तेवढ्यापुरतं माझं चुकलं.

मोठी चूक मात्र माझीच आहे. तू वहिनीला सांगू नकोस म्हणालास आणि मी ऐकलं. एप्रिलमध्येच आले असते तर तेजूच्या पोटात तेवढी तरी पावडर कमी गेली असती. करपा यायच्या आधी मारायचं असतं, हे तू मला लिहिलंही होतंस. मी ते भांडणातलं वाक्य समजले.

साहेबांना सगळं सांगितलं. सत्तावीस नंबरचं काम थांबवलं आहे. निबंध मागे घेतला. यानं काही भरून येत नाही, पण तुला कळायला हवं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तेजूच्या गाठींचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी तिचं रक्त तुझ्या आजाराच्या तपासणीलाही पाठवलं होतं, या गाठी कशामुळे हे त्यांना नक्की करायचं होतं. रिपोर्ट आला आहे. तुला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. फोन केला तर घरातले सगळे ऐकतील, आणि हे आधी तू एकट्यानं वाचावंस असं मला वाटलं.

दादा, तेजूला तो आजार नाही. तिच्यात तो आलेलाच नाही. तिला तो कधीच होणार नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी मी येते आहे.

प्रज्ञा


पुणे, हॉस्पिटल
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रज्ञा,
जय भीम.

तू परवा गेलीस आणि मी तुला एक शब्द बोललो न्हाई, म्हणून लिहितोय. अक्षर परत गेलं, लावून घे. पावडर सोडली तसं आठवड्यात हाताचा ताबा सुटला. पायबी गेले. आता भिंतीला धरून चालतो.

तुझं पत्र मी दुकानाच्या मागं उभा राहून वाचलं. तिची चिठ्ठी कोरी व्हती बाई. मीच तिच्यावर लिहिलं. रोज रात्री, गूळ देऊन. ती कडू म्हणून तोंड वाकडं करायची तर मी म्हणायचो, शहाणी ना माझी. असं कुणी वैऱ्याच्या पोराला करत न्हाई.

दोन गाठी काढल्या, तिसरी नसेला चिकटलीय म्हणून ठेवली. डॉक्टर म्हणतात पावडर बंद झाल्यावर वाढ थांबायला पाहिजे, पण असं आधी कुणी बघितलेलं न्हाई, त्यामुळं सांगता येत न्हाई. काल परत मोजली तर जरा मोठी भरली. उद्या परत मोजणार हायत. तुझी वहिनी माझ्याशी बोलत न्हाई, आणि तिचं बरोबर हाय. आई दोघींना डबा आणते, माझ्यासाठीबी आणते, पण माझ्याकडं बघत न्हाई.

गेल्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा ती टोमॅटोची ओळ उपटून काढली. सगळा पावसाळा ती तशीच उभी व्हती. रानातल्या गड्याला, गेणूला, मदतीला घेतलं, एकट्याच्यानं ओढवत नव्हतं. बांधावर टाकली, वरून रॉकेल ओतून पेटवली. वरवर भाजली आणि विझली. काल गेणूचा फोन आला, म्हणाला, भाऊ, ती अजून हिरवीच हाय, काय करू? मी म्हटलं, खड्डा कर. तो म्हणाला, आणि खड्ड्यात फुटली तर?

तेजू धीराची हाय. गळ्याला पट्टी हाय म्हणून बोलू देत न्हाईत, पाटीवर लिहून दाखवते. तिला तिच्या रिपोर्टचं अजून सांगितलं न्हाई. ते मीच सांगणार, दुसऱ्या कुणी सांगू नका. काल तिनं लिहिलं, पप्पा, तुमी पावडर का सोडली, तुमी परत पडाल. मी म्हटलं, पडलो तर तू हायस ना उचलायला. तिनं मान हलवली आणि तिला दुखलं.

आज सकाळी तिला तपासणीला खाली न्यायचं व्हतं. चाकाची खुर्ची मी ढकलतो म्हटलं. तुझी वहिनी बाजूला झाली. लिफ्टपाशी माझा तोल गेला आणि मी खुर्चीवरच आडवा झालो. सगळी माणसं बघायला लागली. दारावरचा वॉचमन धावत आला, मला दंडाला धरून उभं केलं, जवळ येऊन तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "काय ओ, लेकरू आजारी असताना दारू पिऊन येता?"

तेजू खुर्चीतून माझ्याकडं बघत व्हती. पाटी तिच्या मांडीवर व्हती.

मी म्हटलं, "हो."

तुझा दादा,
राजरत्न